मास्तरांची नक्कल

सांगलीहून तासगावला जाणारा रस्ता काही फार लांबचा नव्हे. माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कवठे एकंद अशी गावे मागे टाकीत एस. टी.ची गाडी तासाभरात तासगावच्या स्थानकात शिरते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कोठे ऊस, कोठे हळद, आणि तासगाव जवळ आले की द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. या रस्त्यावर पहाटेपासून येरझारा घालणारे एक वाहक होते. त्या भागात वाहकाला 'मास्तर' म्हणण्याची रीत आहे. शाळेतल्या मास्तरांच्या हाती खडू असतो आणि या मास्तरांच्या गळ्यात तिकिटांचे यंत्र असते, एवढाच काय तो भेद. गोंगाट मात्र दोघांच्याही वाट्याला सारखाच येतो.

हे मास्तर पोटासाठी वाहक होते आणि हौसेसाठी नकलाकार. गणेशोत्सव, गावची यात्रा, शाळेचे स्नेहसंमेलन, असे काही निघाले की आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणे येई. दिवसाची पाळी संपवून ते संध्याकाळी तेथे जात आणि अर्धा-पाऊण तास लोकांना पोट धरधरून हसवीत. मोबदला म्हणजे एक नारळ, कधी टॉवेल-टोपी, आणि परतीच्या वाटेवर कोणाच्या तरी मोटारसायकलची मागची जागा. याहून अधिक त्यांनी कधी मागितले नाही. ज्याला हसू ऐकण्याची चटक लागली, त्याला दुसऱ्या कशाची फारशी भूक राहत नाही, असे दिसते.

तसे पाहिले तर सांगली ही नाटकवाल्यांची जुनी भूमी. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी याच गावी 'सीतास्वयंवर' हे नाटक राजेसाहेबांपुढे करून दाखविले, आणि मराठी रंगभूमीचा आरंभ तेथून मानला जातो. भावे यांच्या नाटकांत देव होते, ऋषी होते, राक्षस होते. पण त्या सर्वांच्या आधी सूत्रधाराबरोबर रंगणात येई तो विदूषक. तो वेडेवाकडे नाचे, सूत्रधाराला नाही नाही ते प्रश्न विचारी, आणि प्रेक्षक सैलावून बसले की मग देवांची पाळी येई. मास्तरांना या इतिहासाचा मोठा अभिमान होता. गाडी सांगलीच्या स्थानकातून निघताना ते चालकाला म्हणत, "चला, सूत्रधार! विदूषक चढला." आणि दोरी दोनदा ओढून घंटी देत. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे चला, हा एस. टी.चा जुना संकेत आहे. पुढील हकिकतीत या दोन घंट्यांचे काम पडणार आहे.

मास्तरांच्या नकला पुस्तकातल्या नव्हत्या. त्या गाडीत चढत आणि गाडीतून उतरत. नक्कल करणे म्हणजे नुसता दुसऱ्याचा आवाज काढणे, असे पुष्कळांना वाटते. पण आवाज हा शेवटी येतो. म्हातारे माणूस गाडीत चढताना आधी काठी वर ठेवते, मग एक श्वास घेते, मग पाऊल उचलते आणि वर आल्यावर कोणीतरी ढकलले अशा रागाने मागे पाहते, हे ज्याच्या ध्यानात आले त्याला म्हातारा उभा करण्यास शब्दांची गरज उरत नाही. मास्तरांच्या खिशात एक छोटी वही असे. गाडी स्थानकात उभी राहिली की हिशेब मिटवून ते तिच्यात दोन ओळी खरडीत. 'हळदीच्या पोत्यावर बसलेली मावशी: शिंकली तर शेजाऱ्याचा सदरा पिवळा.' 'सुट्टे पैसे नाहीत म्हणणारा: खिसा वाजतो.' असली टिपणे त्या वहीत शेकड्यांनी होती.

त्यांच्या सगळ्या नकलांत 'ततपप' ही नक्कल फार गाजलेली होती. तीत एक अडखळत बोलणारा उतारू गाडीत चढतो. त्याला पेठ नाक्यावर उतरायचे असते, पण "प... प... प..." यापुढे त्याची गाडी सरकत नाही. वाहक विचारतो, "पलूस?" उतारू मान हलवतो. "पन्हाळा? पुणे?" पुन्हा मान हलते. शेवटी वाहक कंटाळून त्याला पंढरपूरचे तिकीट देतो. आणि 'पेठ' हा शब्द उतारूच्या तोंडून बाहेर पडतो तेव्हा गाडी पंढरपूरच्या स्थानकात शिरत असते. त्यावर वाहक म्हणतो, "पोचलं बघा पंढरपूर!" या एका वाक्यावर मांडव डोक्यावर घेतला जाई. कार्यक्रमाचा शेवट नेहमी याच नकलेने होई, आणि गावागावांतली मुले पुढे आठवडाभर ते वाक्य एकमेकांच्या अंगावर फेकीत. फार वर्षांपूर्वी असा एक उतारू खरोखरच मास्तरांच्या गाडीत चढला होता. त्याचा अडखळता स्वर मास्तरांनी अगदी हुबेहूब उचलला होता. त्या माणसाचा चेहरा मात्र त्यांना आठवत नसे.

ही हकिकत २०२३ सालच्या भाद्रपदातली आहे. गणपती बसून चार दिवस झाले होते. त्याच रात्री कवठे एकंद येथील एका मंडळापुढे मास्तरांचा कार्यक्रम ठरला होता.

सकाळच्या पहिल्या फेरीला गाडी भरलेली होती. त्या वर्षीच्या मार्च महिन्यापासून एस. टी.त स्त्रियांना निम्म्या दरात प्रवास करता येऊ लागला होता, आणि त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नव्हते. या दोन सवलतींनी मास्तरांच्या वहीची बरीच पाने भरली होती. काल-परवापर्यंत 'मला कोण म्हातारा म्हणतो?' असे विचारणारे आजोबा आता चढताच आधार कार्ड पुढे करून आपली जन्मसाल मोठ्याने वाचून दाखवीत. त्या दिवशी माधवनगरला चढलेल्या एका आजोबांना पंचाहत्तर पुरी होण्यास अजून दोन वर्षे होती. त्यांनी पैसे देता देता मोठा सुस्कारा टाकला.

"का हो आजोबा, एवढं काय झालं?"

"काय सांगू मास्तर, आयुष्यात कधी म्हातारं व्हायची घाई नव्हती. आता लागली बघा."

पलीकडच्या बाकावर एक शेतकरी आणि त्यांची पत्नी बसली होती. शेतकऱ्याने आपले पूर्ण आणि पत्नीचे अर्धे तिकीट हातात घेतले, दोन्ही उलटसुलट करून पाहिली आणि म्हटले, "मास्तर, हा काय न्याय? तिकीट हिचं अर्धं, आन् खिडकी हिलाच पुरी!"

"मग बदला की जागा," मास्तर म्हणाले.

"नको, नको," तो घाईघाईने म्हणाला, "घरी परत जायचंय मला."

पत्नी खिडकीबाहेर पाहत राहिली. पण तिचे खांदे हसत होते. मास्तरांनी ते खांदे नीट पाहून ठेवले. तोंडाने हसणाऱ्याची नक्कल कोणीही करील; खांद्यांनी हसणारे माणूस क्वचित सापडते.

बुधगावला एक म्हातारी उतरली. तिच्यापाशी भाजीचे मोठे गाठोडे होते आणि ते तिला पायरीवरून खाली घेता येईना. मास्तर खाली उतरले. "थांबा आजी, मी घेतो," म्हणून त्यांनी गाठोडे उचलले आणि चार पावलांवरच्या पारावर नेऊन ठेवले. म्हातारीने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. इतक्यात गाडीतल्या कोणा परोपकारी माणसाला वाटले की मास्तर मागच्या मागे चढले असावेत, नाहीतर एवढा वेळ कशाला लागेल? त्याने हात वर करून दोरी ओढली. एकदा आणि मग आणखी एकदा.

दोन घंट्या! चालकाने गाडी सोडली.

"अरे थांबा! अहो, थांबा!" मास्तर ओरडत गाडीमागे धावू लागले. गळ्यातले यंत्र छातीवर आपटू लागले, कातडी पिशवीतली नाणी खुळखुळू लागली, आणि गाडीच्या धुरात मास्तर दिसेनासे झाले. मागच्या काचेतून एका लहान मुलाने त्यांच्याकडे पाहून अगदी प्रेमाने हात हलविला. पाराजवळची म्हातारी ओरडून म्हणाली, "अरं बाबा, तुझी गाडी चुकली काय? आता दुसरी कवा हाय?"

सुदैवाने एक दूधवाला मोटारसायकलवरून तिकडेच निघाला होता. दोन किटल्यांच्या मध्ये, एक पाय वर आणि एक पाय खाली अशा अवस्थेत मास्तरांनी कवलापूरपर्यंतचा प्रवास केला. गाडी थांब्यावर उभी होती, आणि मास्तर अजून तिकिटे का देत नाहीत याविषयी उतारूंत चर्चा चालू होती. एवढ्यात दुधाच्या किटल्यांमधून मास्तर अवतरले. सारी गाडी खिडक्यांतून बाहेर डोकावू लागली. चालकाने आपल्या खिडकीतून मान काढली, मास्तरांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले आणि अतिशय गंभीरपणे विचारले, "कुठं जायचंय पाव्हणं? तिकीट काढावं लागंल."

जो हशा उसळला तो माधवनगरलाही ऐकू गेला असेल. मास्तर स्वतः पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कवलापूरला चढलेले एक वृद्ध गृहस्थ त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आज काळू-बाळूंची आठवण झाली!"

या उद्गाराचा अर्थ त्या गावाबाहेरच्यांना सांगितला पाहिजे. काळू आणि बाळू हे कवलापूरचे तमासगीर. त्यांची खरी नावे लहू आणि अंकुश खाडे. ते जुळे भाऊ होते. 'जहरी प्याला' या वगनाट्यात त्यांनी काळू आणि बाळू या दोन हवालदारांचे काम केले. ते लोकांना इतके आवडले की पुढे खरी नावे मागे पडून तीच त्यांना चिकटली. तमाशात हसविण्याचे काम करणाऱ्यास सोंगाड्या म्हणतात. तो राजाला वेडेवाकडे बोलतो, मोठ्यांची खोड काढतो. पण हे सारे करण्याआधी तो स्वतः मूर्ख बनतो. आपली फजिती तो आधी लोकांच्या पुढ्यात ठेवतो आणि मग दुसऱ्याकडे वळतो. वृद्ध गृहस्थांनी लहानपणी बैलगाडीतून जाऊन पाहिलेल्या तमाशांच्या गोष्टी सांगण्यास आरंभ केला. मास्तर तिकिटे देता देता एका कानाने ऐकत होते. त्यांची सकाळ मोठ्या मजेत चालली होती.

कवठे एकंदला शाळेची मुले चढली. तासगावच्या शाळांत जाणारी ही मुले रोजचीच. बहुतेकांजवळ पास असे. पास दाखवायचा आणि आत सरकायचे. त्यांतला एक मुलगा बारा वर्षांचा असावा. तो सर्वांच्या शेवटी चढे, पास डोळ्यांसमोर धरी आणि काही न बोलता खांबाला टेकून उभा राही. मास्तरांच्या वहीत त्याच्याविषयी एक ओळही नव्हती. 'जरा घुम्या दिसतो,' एवढेच त्यांनी मनाशी म्हटले होते.

त्या दिवशी त्या मुलाजवळ पास नव्हता. मुदत संपली असावी. त्याने मुठीतले पैसे पुढे केले.

"कुठं?" मास्तरांनी विचारले. खरे तर विचारण्याचे कारण नव्हते. पण सवयीने तोंडून गेले.

"त..." मुलगा म्हणाला. त्याचे ओठ ताणले गेले, मानेची शीर वर आली. "त... त... त..."

मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणाले, "ततपप!"

दुसऱ्याने लगेच साथ दिली, "पोचलं बघा पंढरपूर!"

सगळा मागचा बाक खदखदला. दोघा मोठ्या माणसांनीही तोंडावर रुमाल धरले. कारण वाक्य ओळखीचे होते, आणि त्याचा धनी समोर उभा होता. एक मुलगा तर मास्तरांकडे पाहून कौतुकाची दाद मिळेल अशा आशेने हसला.

मास्तरांच्या हातातले यंत्र क्षणभर थांबले. मग त्यांनी घाईने म्हटले, "तासगाव ना? हं, हे घे तिकीट." त्यांच्या मते हे त्या मुलाला सोडविणे होते. पण मुलाने तिकीट घेतले तेव्हा त्याचा चेहरा आधीहून अधिक उतरला होता. तोंडाशी आलेला शब्द कोणी दुसऱ्याने उचलून नेला म्हणजे काय वाटते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. पुढच्या वाटेवर तो खांबाकडे तोंड करून उभा राहिला. तासगाव आल्यावर सगळ्यांच्या आधी उतरला आणि वळून न पाहता गर्दीत गेला.

मास्तरांनी त्या फेरीनंतर वही उघडली. शेतकरी, त्याच्या पत्नीचे खांदे, म्हातारं होण्याची घाई झालेले आजोबा, सारे लिहून झाले. मग त्यांनी पेन्सिल कानावर अडकविली आणि बराच वेळ वही नुसतीच उघडी धरून बसले. एकाच गाडीत, एका तासाच्या आत, दोनदा हशा झाला होता. पहिल्या वेळी सारी गाडी मास्तरांना हसली होती आणि मास्तर तिच्याबरोबर हसले होते. दुसऱ्या वेळी सगळे हसले, एक सोडून.

दुपारी मंडळाच्या कार्यकर्त्यांचा फोन आला. "मास्तर, 'ततपप' पाहिजेच बरं का! पोरं सकाळपासून विचारत्यात."

पाळी संपवून मास्तर घरी आले. त्यांची नवी नक्कल सर्वांत आधी पाहण्याचा मान त्यांच्या पत्नीचा असे. ती स्वयंपाक करता करता पाही आणि हसू आले नाही तर तसे स्पष्ट सांगे. त्या दिवशी मास्तरांनी तिला जुन्याच नकलेविषयी विचारले.

"ती 'ततपप' तुला कशी वाटते?"

ती भाकरी थापत होती. थोडा विचार करून ती म्हणाली, "हसू येतंच. पण मला नेहमी एक विचारायचं असतं. त्या माणसाचं पेठेत काय काम होतं हो? पंढरपूरहून तो परत कसा आला?"

मास्तरांना उत्तर देता येईना. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांच्या मनात आला नव्हता. नक्कल पंढरपूरच्या स्थानकात संपत असे. त्या माणसाला तेथे उतरवून ते आणि प्रेक्षक घरी जात.

हौशी नकलाकाराला हुकमी हशा सोडून देणे किती अवघड असते, हे मंचावर उभे राहिल्याखेरीज कळत नाही. पट्टीच्या गवयाला एखादे दिवशी गळा साथ देईनासा झाला तरी लोक त्याला मान देतात. पण हसविणारा माणूस हसवू शकला नाही तर त्याच्याजवळ दुसरे काय असते? अर्ध्या मिनिटाची शांतताही त्याला फार लांब वाटते. मास्तरांच्या पोटात त्या संध्याकाळी गोळा आला होता. वीस वर्षांत तसा आला नव्हता.

कवठे एकंदच्या मांडवात रात्री आधी आरती झाली. टाळ्या, झांजा, ढोलकी यांचा एकच गजर उठला. मास्तर एका बाजूस हात जोडून उभे होते. तेवढ्यात एक खणखणीत, सुरेल आवाज त्यांच्या कानी आला. पुढच्या रांगेत तोच सकाळचा मुलगा झांज वाजवीत आरती म्हणत होता. एकही शब्द अडत नव्हता. लांबलचक जोडाक्षरेसुद्धा तो पाण्यासारखी म्हणत होता. मास्तर थक्क झाले. वास्तविक यात नवल नाही. अडखळत बोलणारी पुष्कळ माणसे गाताना किंवा सर्वांबरोबर म्हणताना मुळीच अडखळत नाहीत. त्यांच्या जिभेत दोष नसतो आणि बुद्धीतही नसतो. मनात वाक्य तयार असते, फक्त ते बाहेर येण्यास कधी कधी वेळ लागतो. ऐकणाऱ्याने घाई केली की तो वेळ वाढतो. मास्तरांना यातले शास्त्र ठाऊक नव्हते. त्यांच्या कानाला मात्र, इतकी वर्षे माणसांचे आवाज ऐकलेल्या त्या कानाला, एवढे कळले की हा आवाज त्यांनी उचललेल्या 'ततपप'मध्ये कोठेच नव्हता.

कार्यक्रम सुरू झाला. आधार कार्डवाले आजोबा झाले. सबंध मांडव हसला. अर्ध्या तिकिटाची आणि पुऱ्या खिडकीची गोष्ट झाली. स्त्रियांच्या बाजूने टाळ्या पडल्या. हळदीच्या पोत्यावरची मावशी शिंकली. आणि मग मागून आरोळी उठली, "ततपप! ततपप!" मुलांनी ताल धरला. पुढच्या रांगेतल्या त्या मुलाने झांज मांडीवर ठेवली आणि तो जमिनीकडे पाहू लागला.

मास्तरांनी तांब्यातले पाणी प्याले. सकाळपासून त्यांनी काही ठरविले होते असे म्हणता येणार नाही. ते माणूस तसे ठरवून वागणारे नव्हते.

"मंडळी," ते म्हणाले, "'ततपप'ची गाडी आज सुटली."

कोणी हसले नाही. मागून एक शिट्टी आली.

"सुटली म्हणजे खरंच सुटली. आणि वाहक खालीच राहिला. तो वाहक म्हणजे मी. आज सकाळी बुधगावात..."

आरंभी मांडवात चुळबुळ चालू होती. दोघेचौघे उठून पानाच्या टपरीकडे गेले. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी गाठोडे उचलले. म्हातारीने तोंडावरून हात फिरविला. दोन घंट्या वाजल्या. मग ते मंचावर जागच्या जागी धावू लागले. यंत्र छातीवर आपटते आहे, नाणी खुळखुळत आहेत, आणि तोंडाने ते ओरडताहेत, "अहो थांबा, मी उतारू नव्हे, मी वाहक आहे! माझ्यावाचून तुम्हाला तिकीट कोण देणार?" मागच्या काचेतले मूल हात हलवून निरोप देऊ लागले, आणि धावता धावता मास्तरांनीही नकळत त्याला हात हलविला. येथे पहिला हशा आला. म्हातारीने "दुसरी गाडी कवा हाय?" म्हणून विचारले, तेव्हा तो वाढला. दुधाच्या किटल्यांमध्ये बसण्यासाठी मास्तरांनी मंडळाच्या दोन खुर्च्या घेतल्या आणि एक पाय कोठे ठेवावा हे त्यांना शेवटपर्यंत सुचले नाही. शेवटी चालकाचा तो गंभीर प्रश्न आला, "कुठं जायचंय पाव्हणं?" मास्तरांनी खिसे चाचपले, छातीवरचे यंत्र हाती घेतले आणि मान खाली घालून स्वतःचेच तिकीट फाडले.

हशा चांगला झाला. 'ततपप' इतका मोठा झाला नाही, हे खरे ते सांगितले पाहिजे. नारळ देताना कार्यकर्ता म्हणालाच, "मास्तर, पुढच्या वर्षी मात्र ती पाहिजे हं!" मास्तर नुसते हसले. पुढच्या रांगेतला मुलगा हसला की नाही, हे त्यांना दिसले नव्हते. मंचावरचे दिवे डोळ्यांवर असले की खालची माणसे दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कवठे एकंदला थांबली. शाळेची मुले चढली. शेवटी तो मुलगा चढला. पास अजून झालेला नव्हता. मुठीत पैसे होते. या वेळी मास्तरांनी 'कुठं?' म्हणून विचारले नाही. ते यंत्रावरचा अंगठा बाजूस घेऊन त्याच्याकडे पाहत उभे राहिले.

"त..." मुलगा म्हणाला. "त... त..."

मागच्या बाकावर कुजबूज झाली. शेजारच्या बाकावरच्या एका भल्या गृहस्थांनी मदत करण्यासाठी तोंड उघडले, "तासग..." मास्तरांनी त्यांच्याकडे न पाहताच हात वर केला. गृहस्थ गप्प झाले. चालकाने आरशातून मागे पाहिले. घंटी अजून का नाही, असे त्याच्या कपाळावर लिहिलेले होते. मास्तर उभेच होते. त्यांना कोठे जायची घाई आहे, असे वाटत नव्हते.

"तासगाव," मुलगा म्हणाला.

मास्तरांनी तिकीट काढून दिले. पण मुलगा आत सरकला नाही. त्याच्या ओठांची हालचाल चालूच होती. आणखी काही यायचे होते, आणि ते लांब होते.

"म... मास्तर," तो म्हणाला, "आ... आज ग... गाडीत... आहात नव्हं?"

क्षणभर गाडीत शांतता होती. मग आधी मागचा बाक, मग सारी गाडी हसू लागली. सगळ्यांचे डोळे मास्तरांवर होते. मास्तरांनी आपली टोपी चाचपली, छातीवरचे यंत्र चाचपले, वाकून आपले दोन्ही पाय गाडीतच आहेत याची खात्री करून घेतली.

"आहे वाटतं," ते म्हणाले, आणि त्यांनी दोरी दोनदा ओढली.